मिल रोडचा वॉली

टॅमरॅक फॉल्सचं रेडिओ स्टेशन आधी दिवसभर गाणी वाजवायचं. ग्लेन टॉरविकने ते विकत घेतलं आणि एका सोमवारी गाणी बंद करून नुसते खेळ सुरू केले. गावात कागदाची गिरणी, एक बर्फाचं मैदान आणि पोरांचा हॉकीचा संघ. एवढ्यावर स्टेशन कसं चालणार, असं जो तो म्हणत होता. दुपारी चारचा फोनचा कार्यक्रम ग्लेनने जोलीन बुडाकला दिला. ती संघाच्या जुन्या गोलरक्षकाची मुलगी, हॉकीतच वाढलेली. पण पहिले काही आठवडे फोन वाजेचना. जोलीन भिंतींशी बोलून घरी जायची.

मग एक दिवस घोगरा आवाज आला. "मिल रोडचा वॉली बोलतोय. बाई, तुम्ही आपली स्वयंपाकघरातली हॉटडिशची कृती सांगा. पॉवर-प्ले तुमच्या आवाक्यातला नाही."

जोलीनने त्याला फाडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी तिच्या बाजूने चार फोन आले, मग त्याच्याही बाजूने येऊ लागले. वॉली रोज फोनवर यायचा आणि रोज टाकून बोलायचा. गाव चार वाजायची वाट बघू लागलं, दुकानदार जाहिराती देऊ लागले.

जोलीनच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. सरावात कोण घसरलं, कोणाचा गुडघा दुखतोय, तिने काल कुठला कोट घातला होता, हे सगळं या माणसाला कळतं कसं? दुकानात मागे कोणी खाकरलं की ती वळून बघायची. कसायाला, पोस्टमनला उगाच बोलतं करायची, नुसता आवाज ऐकायला.

शेवटी एका शनिवारी तिने गाडी मिल रोडला घातली. एका टपालपेटीवर नाव दिसलं: वॉली पेर्कोला. एक म्हातारा दारातला बर्फ उपसत होता.

"तुम्हीच ना ते?"

"कोण ते?" आवाज घोगराच होता.

"रेडिओवर रोज माझी खिल्ली उडवणारे."

"माझा रेडिओ शेडमध्ये मरून पडलाय. आणि हॉकी मी बघत नाही."

टॅमरॅक फॉल्समध्ये हॉकी न बघणारा माणूस! हा धडधडीत खोटं बोलतोय, अशी जोलीनची खात्रीच झाली. सोमवारी ती माइकवर म्हणाली, "मंडळी, आपल्या वॉलीला भेटून आले. पेर्कोला आडनाव त्यांचं. समोरासमोर मात्र बोबडी वळते हं!" गाव पोट धरून हसलं.

काही आठवड्यांनी, जाहिरात चालू असताना, स्टुडिओचं दार ढकलून पेर्कोलाच आत आला. बुटांना बर्फ, टोपी दोन्ही हातांत.

"बाई, माझ्या दारात कोणीतरी ट्रकने बर्फाचा ढीग लावून गेलंय. चर्चमध्ये माझ्या बाकावर कोणी बसत नाही. कॅफेतली पोरगी कॉफी आपटून ठेवते. मी केलंय काय?"

"ते तुम्हालाच ठाऊक," जोलीन म्हणाली. जाहिरात संपली. फोनचा दिवा लागला. तिने बटण दाबलं.

"मिल रोडचा वॉली बोलतोय."

समोर पेर्कोलाचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"बोला, वॉली," ती कशीबशी म्हणाली. पलीकडचा संघाच्या आताच्या गोलरक्षकावर घसरला आणि मध्येच खोकला. तो खोकला तिने दोनदा ऐकला, एकदा कानावरच्या हेडफोनमध्ये आणि एकदा भिंतीपलीकडून.

"थांबा हं, एक जाहिरात घेऊ." पेर्कोलाला बसायची खूण करून ती बोळातून धावली. ग्लेनचं दार किलकिलं होतं. तो पाठमोरा बसला होता आणि आवाज ओळखू येऊ नये म्हणून फोनवर लोकरीचा मोजा चढवलेला होता.

"ग्लेन! एवढे दिवस तुम्ही?"

"मग कोण? तुला फोन तरी येत होते का? अगं, शेकोटी मी पेटवली म्हणून आज गाव शेकायला येतंय."

"आणि तो म्हातारा?"

"मी नुसतं वॉली म्हणालो होतो. पेर्कोला तू म्हणालीस."

जोलीनने घड्याळाकडे बघितलं.

"जा आता, जाहिरात संपेल," तो म्हणाला. "मी लाइनवरच आहे."

जोलीन परतली. दुसरा माइक तिने पेर्कोलापुढे ओढला.

"मंडळी, आज दोन वॉली आलेत. एक लाइनवर, एक माझ्यासमोर. तुमचं नाव सांगा."

"वॉली पेर्कोला," म्हातारा माइकला बिचकत म्हणाला. "मी इथे कधीच फोन केलेला नाही."

"आणि लाइनवरचे वॉली, तुम्ही कोण?"

नुसता श्वास ऐकू आला. मग फोन आपटला गेला.

"तो फोन याच इमारतीतून येत होता, आमच्या मालकाचा," जोलीन म्हणाली. "आणि पेर्कोलांचं नाव मी घेतलं, शहानिशा न करता. चूक माझी."

त्या संध्याकाळी ग्लेन खूप ओरडला, पण तिला काढलं नाही. फोनचे सगळे दिवे एकसारखे लुकलुकत होते, आणि या वेळी त्यांत एकही फोन खोटा नव्हता. स्टेशन तगलं. स्टेशनच्या दर वाढदिवसाला ग्लेन तो किस्सा स्वतःची हुशारी म्हणून रंगवून सांगतो. जोलीन तेवढा वेळ बाहेर जाऊन उभी राहते. अजूनही नवा माणूस फोनवर आला की ती आधी विचारते, घर कुठे, शेजारी कोण.

पेर्कोलाच्या दारातला ढीग शेजाऱ्यांनी उपसला. जोलीन घरी भाजलेला ब्लूबेरी पाय घेऊन माफी मागायला गेली, तेव्हा त्याने दार वीतभरच उघडलं. तिचं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या खांद्यावरून गाडीकडे नीट बघत त्याने विचारलं, "हे आत्ता कोणी ऐकत नाहीये ना?"