चर्चची गाडी कोण चालवणार

हॉस्पिटलातून निवृत्त होऊन मेट्रनला जेमतेम वर्ष होत आलं होतं, तोच चर्चमधल्या स्वयंसेवकांची जबाबदारी तिच्या गळ्यात पडली. नाव सुचवलं तिच्या मोठ्या दिरांनी. "माणसं कामाला लावावीत तर हिनंच," असं ते पाळकांना म्हणाले आणि पाळकांनी लगेच मान डोलावली.

वॉर्ड हातात घ्यावा तसं मेट्रननं काम हातात घेतलं. खुर्च्या मांडणारे, गाणारे, चहा करणारे, सगळ्यांना तिनं मार्गी लावलं. फुलं सजवणाऱ्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. तिनं एकीला फुलं आणायला सांगितली, दुसरीला मांडायला. एक गोष्ट मात्र नव्यानं शिकावी लागली. नर्सवर ओरडलं तरी ती दुसऱ्या दिवशी कामावर हजर असते. इथली माणसं रुसली की पुढच्या रविवारी घरीच बसत.

गाडीकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं. ज्यांना पायी चालवत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरून उपासनेला आणायचं, ते काम मोठ्या दिरांचं. सगळे त्यांना दादा म्हणत. अर्धा जन्म ट्रक चालवण्यात गेलेला माणूस. त्यांना कोण काय सांगणार?

एका रविवारी गुडघा धरला म्हणून मेट्रन स्वतःच त्या गाडीत बसली. बाजाराच्या कोपऱ्यावर डावीकडून एक सायकलवाला आला. दादांनी तशीच गाडी वळवली. सायकलवाल्यानं फुटपाथवर उडी टाकली म्हणून वाचला. मागच्या आजीबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. त्यांना त्याची सवय असावी. दादांना काहीच कळलं नव्हतं. ते शीळ घालत होते.

चर्चच्या अंगणात सगळे उतरल्यावर मेट्रन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"दादा, माझ्या नाकाकडे बघा. बोट कधी दिसतं ते सांगा."

तिनं डाव्या बाजूनं बोट पुढे आणायला सुरुवात केली. दादा हसत होते. बोट जवळजवळ तिच्या स्वतःच्या गालापाशी आलं तेव्हा ते म्हणाले, "हां, दिसलं." मग तिचा हात कुठं आहे ते त्यांनी पाहिलं आणि हसू थांबलं.

"चावी द्या," मेट्रन म्हणाली.

"माझ्याकडे चावी मागतेस? तुला या कामावर बसवलं कोणी?"

"तुम्हीच."

दादांनी चावी बॉनेटवर आपटली आणि ते पायीच घरी गेले. त्या दिवशी म्हाताऱ्यांना ज्याच्या त्याच्या गाडीतून कसंबसं पोचवलं. पुढच्या रविवारी मात्र त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "हिच्या हातात कारभार आला आणि चालती गाडी बंद पडली," अशी कुजबुज सुरू झाली. मेट्रननं कारण कुणालाच सांगितलं नाही. माणसाचं दुखणं चव्हाट्यावर मांडायचं नाही, ही तिची जुनी सवय होती. पाळकांना तेवढं सांगणं भाग होतं. ते म्हणाले, "एखादी जवळची फेरी ठेवू या का? त्यांचं मन राहील."

"मन राहील, पण रस्त्यावरचा माणूस राहायला हवा ना," ती म्हणाली. विषय तिथंच संपला.

घरी तिच्या नवऱ्याची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. भावाकडे गेला की बायकोचं ऐकावं लागे, बायकोकडे आला की भावाचं. शेवटी त्यानं दोन्हीकडे पेपर वाचायला सुरुवात केली.

मग एके दुपारी मोठ्या जाऊबाई आल्या. आता भांडण होणार, अशा तयारीनं मेट्रननं दार उघडलं. जाऊबाई खुर्चीत बसल्या आणि पदरानं मान पुसत म्हणाल्या, "वर्षभर त्यांच्या शेजारी बसून मी ब्रेक दाबतेय गं. माझ्या पायाखाली ब्रेक नसताना."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं सुखासुखी बोललीस? तोंडाला फेस आला ना तुझ्या?"

दोघी मिळून दादांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घातले तर उरलेली टिकेल, असं डॉक्टर म्हणाले.  परतताना बसमध्ये दादा दोघींपासून लांब बसले.

काही दिवसांनी बेकरीवाली मेट्रनकडे आली. पावाची गाडी ती रोज स्वतः चालवायची. "तुमच्या दिरांनी पाठवलंय," ती म्हणाली. "आठवडाभर शेजारी बसून परीक्षा घेतली माझी. गिअर रडवत नाही म्हणाले. चावी कुठाय?"

त्या रविवारी म्हातारी मंडळी परत आली. दादा पायी आले, भिंतीच्या कडेनं, जरा मान वळवून बघत. मेट्रननं त्यांना दारातच गाठलं.

"दादा, नव्या लोकांना दारातून हाताला धरून आत बसवायला एक माणूस हवाय. कराल?"

"नको," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "शेवटचं गाणं सुरू झालं की मी गाडी दाराशी लावायला पळायचो. इतक्या वर्षांत पूर्ण ऐकलेलं नाही. थोडे दिवस मला नुसतं बसू दे."

"बसा," मेट्रन म्हणाली आणि दारासाठी दुसरं माणूस शोधायला आत गेली.