नवसाचा डावा हात

"मोतमाउली, यांचा उजवा हात वाचव. वाचवलास तर कशेळीचा पूल अनवाणी चालून, मेणाचा हात घेऊन तुझ्या पायाशी येईन."

असा नवस मेघाली एकदा बोलली होती. त्या नवसातला मेणाचा हात तो मीच. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, एवढाच माझा देह. तोंड नाही, तरी बोलतोय. ऐका.

माझा जन्म वांद्र्याला, मोतमाउलीच्या टेकडीखालच्या एका अंगणात, कढईत झाला. मेण जुनंच होतं. कुणाच्या मेणबत्तीचं, कुणाच्या तुटक्या गुडघ्याचं, कुणी नवसाला वाहिलेल्या चिमुकल्या घराचं. त्यामुळे माझ्या आत मी एकटा नाही. ऊन चढलं की आतून कुणीतरी पुटपुटतं, "माझं बाळ... माझा गुडघा..." मी त्यांना गप्प बसवत नाही. त्यांनीही कधीतरी काही मागितलं असेल.

मला दोऱ्यानं एका टपरीवर टांगलं. एका बाजूला मेणाचं बाळ, दुसऱ्या बाजूला डोळे न कोरलेलं डोकं. वारा आला की आम्ही सगळे एकदम रस्त्याकडे वळायचो.

आमची रीत साधी. नवस फळला की माणूस येतो, आम्हाला घेतो, पायऱ्या चढतो आणि वाहतो. माणसाच्या हातात आम्ही घटकाभरच. पण मेघाली नवस फळण्याआधीच आली. अपघाताच्या तिसऱ्या दिवशी, इस्पितळातून तशीच धावत.

तिचा नवरा जीवन भिवंडीला, कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात लूम चालवायचा. दोन हजार सहाचा तो एप्रिल. रोज तासन्‌तास लाइट जायची आणि अर्धवट विणलेलं कापड पोटात धरून लूम उभे राहायचे. जीवन पट्ट्यात अडकलेलं सूत काढत होता. खटका बंद करायचं राहून गेलं होतं. गल्लीत आनंदानं ओरडा झाला, "लाइट आली!" आणि पट्ट्यानं हात आत ओढला.

"कोणता हात, बाई?" टपरीवालीनं विचारलं.

मेघालीनं डोळे मिटले. खाटेवरचा नवरा आठवला. स्वतःचा एक हात पुढे धरून ती म्हणाली, "हा."

टपरीवालीनं मला उतरवलं. मी डावा होतो.

घरी तिनं मला पांढऱ्या रुमालात गुंडाळून माउलीच्या तसबिरीपुढे ठेवलं. शेजारच्या धोंडूबाई पाण्याची कळशी कमरेवर घेऊनच आत डोकावल्या.

"काय आनलंस गो बाय?"

"नवसाचा हात. आधीच आणून ठेवला."

"देवाला पन अ‍ॅडव्हान्स?" धोंडूबाई हसल्या. मग रुमाल बाजूला करून त्यांनी मला निरखलं आणि त्यांचं हसू गेलं. "अगो, ह्यो तर डावा हाय. जीवनचा उजवा ना?"

मेघालीनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. त्याच दुपारी निरोप आला, जीवनचा उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

जीवन घरी आला तेव्हा मे लागला होता. पत्र्याखाली मी मऊ पडायचो. भिंतीपलीकडे लूम धडधडायचे आणि रुमालात माझी बोटं थरथरायची. लाइट गेली की सगळं एकदम थांबायचं. ती शांतता त्या धडधडीहून वाईट. त्या शांततेत जीवन म्हणायचा,

"मेघाली, माझ्या उजव्या हाताची मूठ कुणीतरी आवळून धरलीय. उघड ना."

तिथं काहीच नव्हतं. तरी मेघाली त्याच्या पट्टी बांधलेल्या मनगटापुढची हवा धरायची. एकेक बोट उघडल्यासारखं करायची. "हे करंगळीचं. हे अंगठीचं." जीवनचा श्वास हळूहळू खाली बसायचा.

आणि खरं सांगतो, तिकडे ती बोटं उघडत होती, इकडे माझी मिटत होती. एक दिवस तिनं रुमाल सोडला तर माझी चारही बोटं तळव्याकडे वळलेली.

"उन्हानं झालं असेल," ती स्वतःशीच म्हणाली. रुमालाची गाठ मात्र तिनं दोनदा मारली.

धोंडूबाईंना राहवलं नाही. "खाडीत टाकून ये त्याला. तू डावा आनलास, देवानं उजवा नेला. आता ह्यो डावा घरात हाय तवर जीवनच्या डाव्याला पन जप हो."

वाईट मनानं नव्हत्या बोलल्या. पण जीवन दारातच बसला होता.

त्या दिवसापासून तो आपल्या डाव्या हाताला घाबरू लागला. हात चादरीखाली लपवून बसायचा. विळीजवळ जायचा नाही. पाण्याचा पेला मेघालीनं तोंडाला लावायचा. ती प्रार्थनेला बसली की तो भिंतीकडे वळायचा.

"या ना, रोझरी म्हणू."

"एका हातानं काय जोडू, मेघाली?"

मेघाली तसबिरीपुढे बसून मला उघडायची आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणायची, "मीच चुकीचा मागितला का रे? देवानं माझं तंतोतंत ऐकलं का?" तिचा ऊन अंगठा माझ्या तळव्यावर टेकायचा. तिच्या बोटाच्या रेषा अजून माझ्यावर आहेत.

मग तो दिवस. दुपारचा दीड वाजला होता, लाइट गेलेली. मेघाली नळावर गेली. जीवन उठला. दातांनी रुमालाची गाठ सोडली, मला शर्टाच्या खिशात घातलं आणि कितीतरी दिवसांनी गल्लीत उतरला. माझी बोटं खिशाबाहेर डोकावत होती. समोरून येणारा माणूस बाजूला सरला.

कारखान्यात कुणी नव्हतं. कारागीर चहाला गेलेले. लूमच्या रांगा, त्यांच्यावर सुताचा पांढरा भुसा, हवेत तरंगणारा तंतू. जीवन आपल्या जुन्या लूमपाशी थांबला. मला कापडावर ठेवलं. खटका चालू केला. लाइट नव्हती, म्हणून काहीच झालं नाही. मग तो खाली बसला आणि त्यानं डावा हात पट्ट्यावर, चाकाच्या तोंडाशी ठेवला.

"जायचाच आहे तर जा," तो हाताला म्हणाला. "रोज वाट बघवत नाही."

माझ्या आतले सगळे एकदम गप्प झाले.

नळावरून आलेल्या मेघालीला रिकामा रुमाल दिसला असणार. ती धापा टाकत दारात उभी राहिली. पदर ओला, पायात चप्पल नाही. खटका त्याच्या डोक्यामागे होता, त्याला हलवल्याशिवाय तिथवर हात पोचणार नव्हता. ती ओरडली नाही. हळूच आली आणि पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला, त्याच्या समोर बसली.

"दोनला लाइट येते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. तू घरी जा."

"तुम्ही इथं असताना मी घरी जाऊन काय करू?"

तिनं आपला उजवा हात उचलला आणि त्याच्या डाव्या तळव्याला टेकवला. तिथंच, चाकाच्या तोंडाशी. आणि तिचा चेहरा एकदम बदलला.

"अहो! मी समोर बसले होते."

"काय?"

"इस्पितळात. तुमच्या समोर स्टुलावर. तुमचा उजवा माझ्या डाव्या बाजूला होता. म्हणून मी डावा हात दाखवला त्या बाईला. एवढंच झालं हो! माझी चूक झाली. देवानं काही सूड नाही घेतला. आपला बाप आहे तो, टपरीवाला आहे का डावा-उजवा बघून द्यायला?"

"हात काढ, मेघाली," जीवन म्हणाला.

"मी देवाची परीक्षा बघत नाही. तुमच्याजवळ बसलेय फक्त." तिनं डोळे मिटले. "देवा बापा, तेव्हा मी म्हटलं, वाचव, तर येईन. आता ते 'तर' मी काढून टाकते. हात राहो, न राहो, आम्ही येणार. खूप भीती वाटतेय. तरी येणार. तू आम्हाला सोडू नकोस, बस."

बाहेर चहाच्या टपरीवर कुणीतरी ओरडलं, "लाइट आली रे!"

जीवननं तिचा हात घट्ट धरला आणि अंगातलं सगळं बळ लावून दोघांचे हात चाकापासून दूर खेचले. दोघंही भुशात पडली. पट्टा फिरू लागला. एका पाठोपाठ एक सगळे लूम गरजू लागले. मी कापडावरून खाली घरंगळलो आणि माझ्या करंगळीचं टोक तुटलं.

"वेडी आहेस का तू?" जीवन त्या गोंगाटात ओरडला.

"तुमच्याएवढी नाही!"

तो रडत होता की हसत होता, मला कळलं नाही. केसांत पांढरा भुसा, दोघंही अचानक म्हातारी झाल्यासारखी. मग त्यानं खाली पाहिलं. त्याचा डावा आणि तिचा उजवा, तळवा तळव्याला लागून अजून तसेच होते.

"जोडले गेले की गं," तो म्हणाला.

रविवारी ते मोतमाउलीला निघाले. भिवंडी-ठाण्यामधल्या कशेळीच्या पुलावर ट्रकांनी कठडा हादरत होता आणि दोघं अनवाणी, काठाकाठानं चालत होती. मी या वेळी त्याच्या डाव्या हातात होतो. खाली खाडीचं काळं पाणी. धोंडूबाईंचं बोलणं मला आठवलं. त्यालाही आठवलं असावं, कारण मधोमध तो थांबला.

"टाकायचा?" मेघालीनं विचारलं.

"नाही. हा राहिलेल्या हाताचा आहे. आभाराचा."

त्यानंच मला माउलीच्या पायाशी वाहिलं. टपरीवालीनं माझ्या तुटक्या करंगळीकडे बोट दाखवलं होतं, "दुसरा घ्या." त्यानं ऐकलं नाही.

चमत्कार झाला नाही. उजवा हात उगवला नाही. ती नसलेली मूठ आजही अधूनमधून आवळते, हे मला इथं बसून कळतं, कारण माझी बोटं तेव्हा हलतात. पण जीवन आता घरी डाव्या हातानं कांडीवर सूत भरतो. धोंडूबाई त्याला सूत उकलून देतात आणि सारख्या बोलतात. संध्याकाळी तसबिरीपुढे एक हात त्याचा, एक हात तिचा.

माझ्याभोवती मेणबत्त्या जळताहेत. तळवा मऊ होतोय, मेघालीच्या अंगठ्याच्या रेषा पुसट होताहेत. लवकरच कढईत जाईन. पुढच्या जन्मी कुणाचा पाय होईन, कुणाचं बाळ. आतल्या पुटपुटणाऱ्यांत माझाही आवाज मिसळेल.

त्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्हीही कधी नवस बोलाल, घाबरून बोलाल. बोला. फक्त त्यातला 'तर' काढून टाका. आणि घरात कुणाला हात जोडता येत नसतील, तर त्याच्या समोर बसा, आणि आपला एक हात पुढे करा.