वाळेपर्यंत

"हात पुढे कर आणि तोंड बंद ठेव," कांचन म्हणाली.

घ्या! आपल्याच घरात, आपल्याच अंगणात बसून माणसानं हे ऐकून घ्यायचं. कांचन माझी नणंद, राजेशची धाकटी बहीण. मी लग्न होऊन मिरजेहून लखनौला आले तेव्हा ही दोन वेण्या घालून माझ्या साड्यांचे काठ कुरवाळत बसायची. आता अमौसीला विमानतळावर काउंटरला असते आणि दिवसभर लोकांना सामान इथं ठेवा, तुम्ही तिथं उभे राहा असं सांगते. घरी येताना ती सवय तिथंच ठेवून यावी की नाही? नाही.

काउंटरवरच्या मुलींच्या नखांना एकच रंग चालतो, तोही साधा. फुलं नाहीत, ठिपके नाहीत. म्हणून हिच्या डोक्यातली सगळी फुलं सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांच्या नखांवर उतरतात. विकास नगरहून स्कूटीवर आमच्या अलीगंजला येते, स्टीलच्या डब्यात बाटल्या खुळखुळवत. शेजारणी झाल्या, शेजारणींच्या मुली झाल्या, आमची स्वयंपाकाची बाईसुद्धा सुटली नाही. मीच तेवढी हाती लागत नव्हते. मी शाळेत गणित शिकवते, दिवसभर हातात खडू, माझ्या नखांना कसले आलेत रंग, असं सांगून मी तिला परतवून लावायची. पण नवरात्राच्या आधीपासून मी रजेवरच होते. सबबच संपली.

रजेचं कारण हे तोंडच. एका सकाळी चूळ भरली तर पाण्याची पिचकारी डावीकडून बाहेर. मी आरशात पाहिलं. माझा उजवा अर्धा चेहरा मला ओळखत होता आणि डावा कुणा परक्या बाईचा होता. कपाळाला आठी नाही, गालाला वळण नाही, ओठाचा कोपरा खाली लोंबलेला. राजेशनं मला तशीच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मेंदूला काही नाही, चेहऱ्याची नस सुजलीय, उतरेल हळूहळू. ओठ थोडा थोडा परत आलाही. डोळा आला नाही. डावी पापणी अर्ध्यावर येऊन थांबायची, सरकारी कचेरीतल्या फाइलीसारखी.

न मिटणारा डोळा म्हणजे काय, ते मला विचारा. डोळे मिटले की उजवीकडे अंधार आणि डावीकडे आपली खोली, आपला पंखा, खुंटीवरचा टॉवेल. झोपायचं तरी कसं? राजेश रोज त्या डोळ्यात मलम घालतो, बोटानं पापणी खाली ओढतो आणि वरून चिकटपट्टी लावतो. रेल्वेचे पूल तपासणारा माणूस तो, पण पट्टी लावताना श्वास धरून बसतो. मग "झालं" म्हणतो, एवढंच. मला त्या "झालं"चा फार राग यायचा. रडूही यायचं.

आणि सोमवारी परत डॉक्टरांकडे जायचं होतं. मागच्या वेळी त्यांनी सांगून ठेवलं होतं, की डोळा असाच कोरडा पडत राहिला तर बुबुळाला इजा होईल. सोमवारपर्यंत पापणी पुरती मिटली नाही, तर कडेला टाके घालून डोळा थोडा बंद करावा लागेल. नंतर सोडवता येतात, घाबरू नका. घाबरू नका, घाबरू नका! तुमच्या डोळ्याला घाला टाके आणि मग सांगा, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मला टाके नको होते. दुसरं काही मी देवाकडे मागतच नव्हते.

तर असा तो गुरुवार. दिवाळी तोंडावर आलेली. या दिवसांत लखनौचं ऊन एकदम मवाळ होतं, अंगावर पडतं तेही विचारून पडल्यासारखं. शेजारच्यांचा हरसिंगार, म्हणजे आपला प्राजक्त, भिंतीवरून आमच्याकडे वाकलाय. पहाटे पडलेली फुलं दुपारपर्यंत मऊ पडून फरशीला चिकटतात, पण देठ तेवढे केशरी राहतात. मी ती झाडू देत नाही. कांचननं त्यातलंच एक उचललं, माझ्या नखावर ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "बस, हेच. या मौसमचं हेच. थंडी पडली की मक्खन मलाईचा रंग करू, पिवळट, वर केशर. आज हरसिंगार."

"मला काही कळत नाही त्यातलं."

"तुला कळायची गरजच नाही यार वहिनी, तू फक्त हात दे."

दिले. तिनं आधी सगळ्या नखांना फिका करडा-निळा रंग लावला, पहाटेच्या धुक्याचा असतो ना, तसा. तो वाळल्यावर दात कोरायच्या काडीचं टोक पांढऱ्या रंगात बुडवून एकेका नखावर गोलात ठिपके दिले. प्रत्येक ठिपका बाहेरच्या बाजूला किंचित ओढला की पाकळी. मध्ये केशरी थेंब. हे इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. तिची मान खाली होती, भांगातला एक पांढरा केस उन्हात चमकत होता, आणि ती काही बोलत नव्हती. कांचन बोलत नाही म्हणजे केवढी शांतता! लांब कुठंतरी पेरूवाला ओरडत चालला होता. माझी बोटं माझी राहिली नाहीत, कुणाच्या तरी अंगणात पसरून ठेवलीत असं वाटायला लागलं. बरं वाटत होतं, उगाच कशाला खोटं बोलू?

"आता मस्कारा," ती म्हणाली आणि डब्यातून नवीकोरी नळी काढली.

मी खाडकन भानावर आले. "काही नको. ज्या डोळ्यासाठी मी घरात काळा चष्मा लावून बसते, त्यालाच सजवायचं? डोकं फिरलंय का तुझं?"

"तोच जास्त दिसतो ना? मग चांगला दिसू दे."

"डॉक्टर ओरडतील."

"विचारलंय मी त्यांना फोन करून. टोकांना लाव म्हणाले, मुळाशी नको, आत जाता कामा नये. आणि संध्याकाळी नीट काढायचा." ती माझ्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसली आणि माझी हनुवटी धरली. "हात कुठेही लावायचे नाहीत हं. नखं ओली आहेत. खाली बघ. नाकाच्या शेंड्याकडे."

आता ओल्या नखांनी मी काय प्रतिकार करणार? तिनं आधी माझ्या डाव्या डोळ्यात थेंब घातले, टिपून घेतले, आणि उजव्यापासून सुरुवात केली. ब्रश जवळ आला की माझी उजवी पापणी फडफडायची. दोनदा तर पुरती मिटली, आणि ओला रंग डोळ्याखाली टिपटिप उमटला, काळ्या मुंग्यांची रांग लागावी तसा.

"वाळेपर्यंत मिटायचा नाही, किती वेळा सांगू!" ती कान साफ करायच्या काडीनं ते ठिपके पुसत म्हणाली. "सगळ्या जणी हेच करतात. मग म्हणतात, कांचन, तुझा मस्कारा पसरतो."

उजवा एकदाचा झाला. मग डावा. तो एका फटक्यात झाला, कारण तो हललाच नाही. "वा! तुझा डावा तर एकदम मॉडेलचा डोळा आहे," ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

मला खरंच हसू आलं. अर्ध्याच तोंडानं, पण आलं. "अगं, असू दे. काहीतरी फायदा होऊ दे त्याचा."

ती हसली नाही. तिनं माझ्या दोन्ही पापण्यांवर फुंकर घातली, पाच-सहा वेळा, आईनं दुधावर घालावी तशी. उजव्या डोळ्याला ती फुंकर गार लागली. डाव्याला काय लागलं ते मला सांगता आलं नसतं, तिथलं सगळं मला कापसाच्या आडून कळायचं.

"चहा टाकते. आलं घालून. अशीच बस, हात खुर्चीच्या हातावर, बोटं फाकवून. नखांचा दुसरा थर जाड लागलाय, वेळ लागेल, मस्काराही ओलाच आहे. कशाला लावायचे नाहीत. आणि झोपू नकोस, पट्टी नाहीये."

"झोपतंय कोण?" मी म्हणाले.

ती आत गेली. भांड्याचा आवाज आला, लायटरचा आला. मी माझ्या बोटांकडे बघत होते. दहा बोटं, दहा फुलं. ऊन पायांवरून मांडीवर आलं, मांडीवरून पोटावर. आल्याचा वास आला. मग तो वास लांबून यायला लागला, आमच्या स्वयंपाकघरातून नाही, मिरजेच्या. मला कळत होतं की हे बरोबर नाही, पण उठून सांगणार कुणाला?

मी अलीगंजच्या बाजारातून चालले होते आणि रस्ता ओला होता. पेरूवाल्याची नखं केशरी होती. माझ्या आठवीच्या मुली स्कूटरवर तिघी तिघी बसून जात होत्या आणि एकीनंही माझ्या तोंडाकडे वळून पाहिलं नाही, मला त्याचा केवढा आनंद झाला! मग कोपऱ्यावर वळले तर समोर कृष्णेचा घाट. लखनौत कृष्णा कशी आली, असा प्रश्न मला पडलाच नाही. राजेश पायरीवर बसून पाण्याची खोली मोजत होता. "ये, खोल नाही," तो म्हणाला. मी चपला काढल्या आणि उतरले. पाणी कोमट होतं. गुडघे, कंबर, गळा. मी लहानपणी मारायची तशी बुडी मारली, आणि सगळं हिरवं झालं, मग गडद हिरवं, मग काहीच दिसेना. आवाजही नाही. इतकं स्वस्थ मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. वर येऊच नये असं वाटलं.

"वहिनी! अगं ए वहिनी! हे काय करून ठेवलंस?"

कांचन माझ्यासमोर उभी होती, हातात ट्रे, कपाळाला आठ्या. मी दचकून डोळे उघडले. "काय केलं मी?"

"काय केलं! सगळं पसरवलंस ना! चोळलास ना डोळा? पाच मिनिटं आत काय गेले मी!"

"मी काही चोळलं नाही."

"मग हे काय आहे? हे बघ, डोळ्याखाली सगळं काळं. इतकी मेहनत करायची मी, आणि तू..."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. मी दोन्ही हात तिच्या नाकासमोर धरले. "हे बघ! नीट बघ! एक तरी फूल फिसकटलंय का? ओल्या नखांनी डोळा चोळला असता तर काय उरलं असतं यातलं? उगाच आपलं माझ्या नावावर!"

तिनं नखं पाहिली. दहाच्या दहा. एकाही पाकळीला धक्का नव्हता. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिनं ट्रे खाली फरशीवर ठेवला, त्या फुलांतच.

"वहिनी," ती म्हणाली, "डाव्या डोळ्याखाली आहे."

मला आधी काही समजलंच नाही. "काय डाव्या डोळ्याखाली?"

"ठिपके. रांगेत. उजव्याखाली मघाशी उमटले होते ना, तसेच." तिनं ओठ दाताखाली धरला. "हात लावला नाहीस तू. पापणीच खाली आली, यार. पूर्ण खाली आली."

मला भीती वाटली. एवढी आशा लावायची आणि नंतर ती खोटी निघायची, त्यापेक्षा नकोच ते. कांचन मोढा ओढून माझ्या गुडघ्यांना गुडघे लावून बसली.

"मीट बघू."

"नको."

"मीट ना गं. मी आहे ना इथे."

मी डोळे मिटले. उजवा लगेच मिटला. डाव्यातून मला कांचन दिसत होती, तिची टिकली, तिच्या मागची भिंत. नेहमीसारखी पापणी अर्ध्यावर येऊन थांबली. मी मनात म्हटलं, झालं, संपलं, सोमवारी टाके. आणि मग ती हलली. ओढल्यासारखी नाही, आपली आपणच, थरथरत, म्हाताऱ्या माणसानं जिना उतरावा तशी एकेक पायरी खाली. भिंत गेली. टिकली गेली. अंधार झाला, इकडेही आणि तिकडेही.

"झाली?" मी विचारलं.

नुसतं नाक ओढल्याचा आवाज आला. ही आमची काउंटरवरची कडक बाई!

"कांचन, झाली का पूर्ण? बोल ना, मेले!"

"झाली," ती म्हणाली. "हो. झाली."

मी तशीच बसून राहिले, डोळे घट्ट मिटून. उघडायचं धाडसच होईना. पापण्यांतून पाणी येत होतं, दोन्हीकडून, आणि मी ते येऊ दिलं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन आता तोंडावर आलं होतं आणि बंद पापणीच्या आतून लालसर, उबदार दिसत होतं. मला इतकं बरं वाटलं, की मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण अलीगंजात असं ओरडलं तर सगळी गल्ली जमा होते.

"उघड आता," कांचन हळूच म्हणाली. "थांब, पुसून देते. सगळं गालावर चाललंय." ती कापूस भिजवत असल्याचा आवाज आला, आणि ओला गारवा माझ्या डाव्या गालाजवळ आला.

मी झटकन तिचं मनगट धरलं. पाचही बोटांनी, घट्ट. वरच्या थराचं प्राजक्त तिच्या पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीवर लगदा होऊन बसलं, ते मला बोटांतून कळलं.

"वहिनी, नखं!"

"जाऊ दे नखं," मी म्हणाले. "पुसायचं नाही. राजेश येईपर्यंत हे असंच ठेवायचं."