होडीवरून खाली सोडलेला पाय

भाईंदरमध्ये बसल्या बसल्या आपल्याला जेवढं शिकायला मिळतंय तेवढं आधीच्या पिढीच्या सर्जनांना विलायतेला जाऊनही मिळालं नसेल, असं डॉक्टर मिनल कुणालाही सांगायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. भाईंदर पश्चिमेला तिचा एकटीचा दवाखाना होता. तो बंद ठेवून वर्षभर कुठे शिकायला जाणं शक्य नव्हतं. म्हणून तिने मधुमेहामुळे बिघडणाऱ्या पायांवरचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स धरला. दर गुरुवारी दुपारी लॅपटॉपवर वर्ग भरायचा, आणि बाकीचा आठवडा टेलिग्रामच्या ग्रुपवर चर्चा चालायची. इंफाळपासून राजकोटपर्यंतचे ऐंशी डॉक्टर त्यात होते, आणि सगळ्यांच्या डोक्यावर कोइमतूरचे सत्तरीतले डॉ. शेषाद्री.

मिनलने या वर्गाच्या जोरावर खरोखर पाय वाचवले होते. जखमेवर भार येऊ नये म्हणून चपलेत जाड नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा कसा कापून बसवायचा, हे तिने इंफाळच्या एका डॉक्टरच्या चार मिनिटांच्या व्हिडिओवरून उचललं होतं. ग्रुपवर फोटो पडला की पहिलं उत्तर बहुधा तिचंच असायचं, आणि तेही बरोबर. शेषाद्री सर तिच्या उत्तराखाली शाबासकीचा अंगठा टाकायचे. हुशार माणसाला असे अंगठे फार मिळाले की तो जमिनीपासून चार बोटं वर चालायला लागतो. मिनलचंही थोडं तसंच झालं होतं.

मेअखेरच्या एका मंगळवारी सकाळी तिला उत्तनहून सुगंधाचा मेसेज आला. सुगंधाचे सासरे दाजी कोळी मिनलचे जुने पेशंट. साखर भरपूर, पावलांना संवेदना जवळजवळ नाही, आणि उजव्या अंगठ्याखाली एक जखम, जी भरत आली म्हणून त्यांनी दोन महिन्यांपूर्वी ड्रेसिंगला यायचं परस्पर बंद केलं होतं. आता फोटोत तो अंगठा, शेजारचं बोट आणि वरखालून सगळा चवडा काळाकुट्ट दिसत होता. खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, सासऱ्यांचा पाय बगा. आनू काय?’

बाहेर अकरा पेशंट बसले होते. मिनलने तोच फोटो ग्रुपवर टाकला. फोटोसोबत तिथे एक फॉर्म भरावा लागतो: साखर किती, जखम धुतली का, पावलावरची नाडी लागते की नाही. एकही रकाना रिकामा ठेवला तर फोटो पुढेच जात नाही. नाडी तिने कुठून बघितलेली असणार? पाय होता उत्तनला. पण एवढा काळा पाय समोर दिसतोय, म्हणजे रक्त पोचत नाहीये, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने ‘नाडी लागत नाही’वर बोट टेकवलं, ‘जखम धुतली’वरही टेकवलं, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तासाभरात अकरा उत्तरं आली. सगळ्यांचं एकच: गँगरीन, बोटं लगेच काढा, पाऊलही जाऊ शकतं. शेषाद्री सरांनीही तेच लिहिलं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर अकरा मुखं होती. मिनलने सुगंधाला फोन लावला आणि जमेल तेवढ्या मऊ शब्दांत सांगितलं, पण ‘कापणे’ हा शब्द कितीही मऊ केला तरी कापतोच.

दाजी आले नाहीत. बुधवारी नाही, गुरुवारीही नाही. शुक्रवारी सकाळी सुगंधाचा फोन आला तेव्हा ती रडकुंडीला आली होती.

“मॅडम, सासरे होडीत जाऊन बसलेत.”

“समुद्रात?”

“न्हाय ओ, होड्या वर काढल्यात ना आता. किनाऱ्यावर हाय होडी. त्यात चढले नि शिडी वर वडून घेतली. जेवनाचा डबा दोरीनं वर घेतात. म्हनतात, मेलो तरी हितंच मरीन, पन पाय घेऊन मरीन.”

मिनलने मनात दिवस मोजले. गँगरीन असेल तर तीन दिवस वाया गेले होते, आणि विष अंगात भिनलं तर प्रश्न पायाचा उरणार नव्हता, जिवाचाच होता. तिने दवाखान्याला कुलूप लावलं, ड्रेसिंगची पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि उत्तनचा रस्ता धरला.

किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी जोरात चालली होती. सगळीकडे रंग, डांबर आणि सुकत्या बोंबलांचा वास एकमेकांत मिसळला होता. दाजींची होडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, पुरुषभर उंच. वरून दाजींचं नुसतं डोकं दिसत होतं.

“दाजी, खाली या. मी नुसतं बघणार आहे.”

“बगायला आलीस नि पेटी कशाला आनलीस?”

“पेटीत करवत नाहीये हो.”

“माजा काय भरोसा न्हाय तुमच्या पेटीवर.”

सुगंधाने हात जोडले, शेजारच्या होडीवरच्या माणसांनी समजूत घातली, मिनलने आवाज चढवला. काही उपयोग झाला नाही. दाजींचं म्हणणं सरळ होतं, पाय घेऊन माणूस खाली आला की पाय माणसाचा राहत नाही, डॉक्टरचा होतो. शेवटी मिनल थकून म्हणाली, “बरं, तुम्ही वरच राहा. नुसता पाय तरी खाली सोडा.”

दाजींनी थोडा विचार केला. मग उजवा पाय होडीच्या कडेवरून खाली सोडला, आणि बाकीचे दाजी आत दिसेनासे झाले.

मिनल मासळीच्या एका प्लास्टिकच्या क्रेटवर चढली. आता पाय तिच्या तोंडासमोर होता, फोटोत होता तसाच काळा. तिने तो हातात घेतला आणि तिथेच तिला चमकायला झालं. पाय कोमट होता. नाडीची जागा शोधायला ती पावलावरचा काळा थर स्पिरिटच्या कापसाने पुसायला लागली, तर कापूस काळा झाला. मेलेलं मांस काही कापसाने पुसलं जात नाही. तिने दुसरा बोळा घेतला, मग तिसरा. थराखालून कातडी निघाली, गव्हाळ, जिवंत. तिथे दोन बोटं टेकवली तर खालून नाडी चांगली ठणठणीत उडत होती.

“दाजी! पायाला लावलंय काय तुम्ही?”

“डांबर,” वरून आवाज आला. “दुसरं काय असनार?”

“डांबर? पायाला?”

“जखमेतनं पानी यायला लागलं व्हतं. होडीची भेग आपन कापूस ठासून वर डांबर मारून बुजवतो, वरीसभर थेंब आत येत न्हाय. मंग पायाची का बुजनार न्हाय?”

“अहो, मग हे सांगायचं नाही का?”

“इचारलं कोनी?”

मिनलने चौथा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला. ती क्रेटवर उभी होती, डोक्यावर ऊन होतं, हातात परक्या माणसाचा पाय होता, आणि तिला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. तीन दिवसांपूर्वी ही दोन बोटं तिच्या शब्दावर कापली गेली असती. डांबराचं सुगंधालाही ठाऊक नव्हतं; तिने घरून खोबरेल आणलं. तासभर चोळून डांबर निघालं, तेव्हा अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम होती, चिघळलेली, पण तळाशी लाल. अशा जखमा भरतात. हे सगळं ऐकल्यावर दाजींनी शिडी खाली सोडली.

पुढचे तीन आठवडे दाजी एक दिवसाआड दवाखान्यात आले. चपलेत इंफाळच्या डॉक्टरच्या पद्धतीने नमदा बसला, औषधं सुरू झाली, जखम नखाएवढी उरली. ग्रुपवर मिनलने ‘निदान बदललं’ एवढंच कळवलं होतं. शेषाद्री सरांची उत्सुकता चाळवली. त्यांनी निरोप धाडला: गुरुवारी ही केस पूर्ण मांड, आणि चालणार असेल तर पेशंटलाही समोर बसव.

मिनलने दाजींना विचारलं. त्यांनी उलट विचारलं, “पाय कापा म्हननारे सगले असतान काय त्यात? मंग येतो.”

मिनलने रात्रीचा दिवस करून नव्हे, पण बऱ्यापैकी खपून स्लाइड तयार केल्या. डांबराचा भाग सुरेख जमला होता. फॉर्मबद्दल तिने एकच ओळ लिहिली होती: ‘सुरुवातीला माहिती अपुरी होती.’ वाक्य तसं खोटं नव्हतं. चोरी झाली म्हणायच्या ऐवजी वस्तू जागेवर नव्हती म्हणावं, तितपत खरं होतं.

गुरुवारी लॅपटॉपच्या पडद्यावर चौकटीच चौकटी भरल्या. दाजी खुर्चीत धुतला सदरा घालून बसले होते. डांबराची स्लाइड आली तसे डॉक्टर हसले, दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या. ती ओळही आली आणि कुणाच्या लक्षात न येता गेली. मग शेषाद्री सरांनी त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “बाबा, आपको कुछ पूछना है हम लोगों से?”

दाजी मिनलकडे वळले. “इचार त्यांना. अकरा जनांनी माजा पाय कापायला सांगितला. त्या अकरांत एकानं तरी पाय बगला व्हता काय?”

मिनलने ते हिंदीत सांगितलं, एक शब्दही न गाळता. शेषाद्री सरांनी चष्मा काढला. दोष आपल्या माथी घ्यायला ते तोंड उघडणार, हे मिनलला दिसलं, आणि तेवढं मात्र तिला सहन होईना.

“सर, तो पाय तुम्ही बघायचा नव्हताच,” ती म्हणाली. “बघायचं काम माझं होतं. पाय न बघताच मी ‘नाडी लागत नाही’ असं लिहिलं. जखम धुतली असंही लिहिलं. तुम्ही सगळे बरोबर होतात, मी दिलेली माहिती खोटी होती.” मग ती दाजींकडे वळली आणि हेच मराठीत सांगितलं. सांगून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

दाजींनी आधी तिच्याकडे, मग पडद्याकडे बोट केलं.

“तू बगलास नंतर,” ते म्हणाले. “माज्या होडीखाली उभी राहून बगलास. या लोकांचंच ऱ्हायलंय.”

आणि खुर्ची पुढे सरकवून त्यांनी उजवा पाय उचलला आणि थेट टेबलावर, कॅमेऱ्यासमोर ठेवला. ऐंशी पडद्यांवर एकदम पाच बोटं उगवली. दाजींनी ती एकेक करून हलवून दाखवली.

“बाबा, थोडा पीछे लीजिए,” शेषाद्री सर हसत म्हणाले. “बहुत पास आ गया.”

मिनलने दाजींना ते मराठीत सांगितलं. दाजींनी पाय तसूभरही मागे घेतला नाही.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “नीट बगू दे त्यांना.”