पिल्लं उडाली तरी थांबलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे मित्रांनो, पण तुमच्या घरात वारा घालतो त्यातला नव्हे. माझं तोंड भिंतीबाहेर आहे. आतली कोंदट, झोंबणारी हवा ओढायची आणि बाहेर फेकायची, एवढंच माझं काम. गारव्यासाठी माझ्याखाली कुणी येऊन बसत नाही, त्यामुळे माझे लाडही कधी झाले नाहीत.

वाशिंदजवळच्या एका कारखान्यात माझी पाती जोडली गेली. तिथून टेम्पोत बसून मी मुरबाडला आलो आणि धसईच्या रस्त्यावरच्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात, धुण्याच्या खोलीच्या भिंतीत कायमचा बसलो. त्या खोलीला खिडकी नव्हती. खिडकी म्हणून जे काय होतं ते मीच.

तिथे लहानी काम करायची. डोंगराकडच्या पाड्यावरून ती सकाळच्या जीपने येई. ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे उग्र औषधात बुडवून ठेवायचे, ब्लीचिंग पावडरचं पाणी कालवायचं, रक्ताचे कपडे त्यात भिजवायचे, लाद्या पुसायच्या, ही तिची कामं. आल्याआल्या ती माझं बटण दाबी. मी खडखडत सुरू झालो की मगच ती बादलीला हात लावी. भात लावताना म्हणतात ती गाणी तिला पुष्कळ येत. माझ्या खडखडाटावर आवाज चढवून ती गात राही. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस म्हणायचे तर तेच.

एका उन्हाळ्यात वादळाने विजेचे खांब पडले आणि मी बरेच दिवस गप्प बसलो. तेवढ्यात एका चिमणीने काड्या आणून माझ्या पात्यांमागे संसार थाटला. वीज आली तेव्हा लहानी सवयीने बटणाकडे वळली. माझ्यातून चिमणी भुर्रकन उडालेली पाहून ती थबकली. स्टुलावर चढून तिने आत डोकावलं आणि प्रेमा सिस्टरांना हाक मारली.

“ताई, आत अंडी हायेत. पिल्लां उडंपर्यंत हे बटण नका दाबू.”

सिस्टर हसल्या, पण त्याही धसईच्याच. भरलं घरटं मोडायला आमच्या भागात कुणाचा हात धजत नाही. त्यांनी जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी कापली आणि माझ्या बटणावर आडवी चिकटवून टाकली. खरं सांगू, मलाही बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे राहायला आलं होतं.

पिल्लं उडून गेली. पट्टी मात्र तशीच राहिली. पुढे पावसाचं पाणी आत येतं म्हणून माझ्या तोंडावर बाहेरून सलाईनच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला गेला. माझा खडखडाट थांबल्यामुळे पलीकडच्या खोलीतल्या पेशंटना छान झोप लागू लागली. मोठे डॉक्टरही म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. मग मला आठवणार कोण?

वास आता खोलीतच साठू लागला. गंमत म्हणजे त्याचं सगळ्यांना कौतुक. पेशंटचे नातेवाईक दारातच नाकाने हवा ओढून म्हणत, दवाखाना स्वच्छ आहे, औषधाचा वास केवढा येतो बघा. ते ऐकून लहानीला हुरूप येई आणि ती पावडरची मूठ आणखी भरून टाकी. मी वरून बघत होतो. मला ओरडता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आधी तिच्या डोळ्यांना पाणी येऊ लागलं, मग खोकला जडला, मग छातीत शिट्टी वाजू लागली. गाणं अर्ध्यावर तुटायला लागलं आणि एक दिवस बंदच पडलं. सगळ्यांनी चुलीच्या धुराला दोष दिला. तिच्या नवऱ्याने, भगीरथने, चूल उचलून अंगणात मांडली. ती अडुळशाचा काढा पीत राहिली. भाताच्या लावणीसाठी सुट्टी घेऊन काही दिवस पाड्यावरच राहिली की मात्र ती मोकळी होऊन परत येई. सिस्टर म्हणत, पाड्याची हवा मानवते तुला. इथल्या हवेत काय आहे, हे विचारायचं राहूनच जाई. आणि आजारी बाईला कामावर कोण ठेवील या भीतीने लहानीही फार बोलत नसे.

एका दुपारी ती पावडर कालवायला खाली बसली आणि तिला उठताच येईना. ओठ निळे पडले होते. सिस्टरांनी तिला धरून बाहेर नेलं. नव्याने आलेल्या कुणाली डॉक्टरांनी वाफेचं मशीन लावलं आणि श्वास जरा सुटल्यावर विचारलं, सुट्टीत असतेस तेव्हा दम लागतो का?

“नाय लागत,” लहानी म्हणाली. “हितं आलं का लागतो.”

डॉक्टर धुण्याच्या खोलीत आल्या. त्यांनाच ठसका लागला. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं, मग बटणाकडे. सिस्टरांनी आपली पट्टी ओळखली. त्यांनी ती नखाने सोलून काढली. निरोप मिळताच धावत आलेल्या भगीरथने बाहेरचा पुठ्ठा उपटला, तशा घरट्याच्या वाळक्या काड्या खाली पडल्या. मी कण्हत कण्हत फिरू लागलो.

पण उशीर झाला होता. लहानीला दमा जडला तो जडलाच. त्या औषधाचा नुसता वास आला तरी तिची छाती भरून येते. ती आता बाहेर केसपेपरच्या खिडकीशी बसते आणि पेशंटची नावं पुकारते. नाव लांब असलं तर मध्येच थांबून श्वास घेते.

तिच्या जागी भूमिका नावाची मुलगी आली आहे. ती तोंडाला मास्क लावते, पावडर चमच्याने मोजून घेते. लहानी रोज सकाळी दूर व्हरांड्यात उभी राहून तिला सांगते, “गो भूमिका, आधी पंखा लाव, मंग बादलीला हात लाव.” माझा खडखडाट कानावर पडेपर्यंत ती तिथून हलत नाही. मीही तिच्यासाठी जरा जास्तच खडखडतो. गाणं मात्र आता कुणी म्हणत नाही.

यंदा चिमणी पुन्हा काड्या घेऊन आली. लहानीने सलाईनचं रिकामं खोकं व्हरांड्याच्या आढ्याला बांधून दिलं. चिमणी तिथे राहायला गेली.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी साफसफाई करत असेल तिथे भिंतीत माझा एखादा भाऊ असेल. तो बंद दिसला तर का बंद आहे, हे विचारा. स्वच्छतेच्या वासाचं कौतुक करण्याआधी आत काम करणाऱ्याचा श्वास ऐका. घरटं राखलं याचं मला वाईट वाटत नाही. लहानीची माया खरीच होती. फक्त पिल्लं उडाली त्या दिवशी कुणीतरी ती पट्टी काढायला हवी होती.