पिठावरचं पाऊल

मी मनी बोलतेय. नाचणगावच्या एका घरातली करडी मांजर. आजकाल मात्र हे नाव सांगताना मी जरा अडखळते.

माझा जन्म केळझरचा, भावनाच्या माहेरी, गोठ्यातल्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीहून ती सासरी परतली, तेव्हा चिवड्याच्या डब्याशेजारी पिशवीत मीही होते.

दारातच तिचे सासरे तानबा म्हणाले, "सूनबाई, हे काय आणलं वं? मांजर कोणाची होत नाई. माह्या शेरूले पाय, हाक मारली का हजर!"

तानबांचं सगळंच हाकेवर चालायचं. वळणावरूनच ओरडत यायचे, "शेरूऽऽ!" कुत्रा धावत गेला की त्यांचा चेहरा खुलायचा. घरात आले की कोणीतरी उठलंच पाहिजे, पाणी दिलंच पाहिजे. रागावले तरी गल्लीला कळायचं, माया केली तरी गल्लीला कळायचं.

भावना तशी नाही. ती मला कधी बोलवायचीच नाही. धान्य निवडत बसायची, बाजूला थोडी जागा ठेवायची. मी आले तर आले. तिला काही लागलं-खुपलं तर ती सांगायची नाही, अन् मीही विचारायची नाही. आमचं बरं जमायचं.

सासूला, धुरपताबाईंना, आम्हा दोघींचा राग. "सुनेले विचारलं तं उत्तर नाई, मांजरीले बोलावलं तं येत नाई. दोघी सारख्याच!"

मग नंदिनी झाली. भावना सारखी लेकराच्या छातीवर हात ठेवून श्वास बघायची. पण मला तिनं पाळण्याजवळून कधी हाकललं नाही.

या उन्हाळ्यात तानबा बसल्या जागी गेले. तेरवीच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या खाटेच्या जागी धुरपताबाईंनी पीठ पसरलं. वर टोपलं झाकलं, त्यावर वरवंटा ठेवला. गेलेला माणूस कोणत्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात.

सकाळी टोपलं उचललं. मांजराचं पाऊल. एकच.

"मनी शिरली असन मा," भावनाचा नवरा श्रावण म्हणाला.

"वरवंटा हालला का? पाय ना डोळे उघडून!" धुरपताबाई म्हणाल्या.

हलला नव्हता. अन् मी? मी रात्रभर भावनाच्या पायाशी होते. तिला ते माहीत होतं. ती सासूला फक्त एवढंच म्हणाली, "आत्याबाई, मनी तं मामाजी होते तवापासूनची हाय."

"जीवाले काय वं, जागा दिसली का बसते," धुरपताबाई म्हणाल्या.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून तानबांना मारायच्या तशीच हाक धुरपताबाई मलाही मारू लागल्या. "अवो, जेवता का?" तानबांच्या ताटलीत दूध-भाकर कुस्करून ठेवायच्या. मी जात नव्हते. पण जो शेरू मला बाभळीवर चढवायचा, तो आता मी अंगणात आले की उठून उभा राहतो. गुपचूप माझ्या मागे चालतो.

परवा मी भावनाच्या मांडीवर डोळे मिटून पडले होते. "अवो!" हाक आली. मला कळायच्या आत माझे पाय जमिनीवर होते. मांजर कधी अशी जाते का?

मी मागे वळून पाहिलं. भावनाचा हात तसाच हवेत होता. मग तिनं नंदिनीला ओढून पदराखाली घेतलं. माझ्यापासून.

तेव्हापासून तिच्या खोलीचं दार आतून लावलेलं असतं. मी उंबऱ्याशी बसते. फटीतून तिची सावली दिसते. मी इथं आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणूनच ती हलत नाही.

भावना, तुला हाक मारायची सवय नाही, मला माहीत आहे. समोरचा आपण होऊन येईल म्हणून तू वाट बघत बसतेस. पण आता तशी बसू नको. आतून एकदा "मने" म्हण. अगदी हळू म्हटलंस तरी चालेल. चुलीपाशी ताटली वाजली आहे, शेरू उठला आहे, अन् माझे पाय तिकडे वळतायत.