बाहेरच्या गाठी

"माझ्या आईला शिवणातलं काही कळत नव्हतं. तिच्या त्या अज्ञानातच मला सौंदर्य सापडलं," असं आमचा धाकटा मुलाखतीत म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. फॅशन डिझायनर आहे, मोठं नाव कमावलंय. त्याच्या फॅशन शोच्या आदल्या आठवड्यात टीव्हीवर मुलाखत घेणारी बाई सगळ्या डिझायनरांना एकच विचारत होती, तुम्हाला हे कपडे सुचतात कुठून? एकाला जहाजाच्या बुडाला लागलेल्या गंजावरून सुचले होते. एकीला तिच्या कुत्र्याच्या गळणाऱ्या केसांवरून. मला हसू येत होतं. मग आमच्या दिवट्याची पाळी आली आणि त्याने आईला बाजारात मांडलं.

आईला शिवण कळत नव्हतं म्हणे. तिने शिवलेले माझे फ्रॉक आत्या उलटे करून बघायची, खोट काढायला म्हणून. दोऱ्याचं टोक कुठे संपलं ते तिला कधी सापडलं नाही. त्याच आईने आयुष्यात एकाच कपड्याला गाठी बाहेरून मारल्या, तो म्हणजे बाबांचा कामावरचा निळा कोट.

बाबा बॉयलरवर होते. एकदा वाफेचा पाइप फुटला आणि त्यांची पाठ भाजली. जखम भरली, पण कातडी कधी नीट धरलीच नाही. कपडा आतून टोचला, घासला की सोलते. कोट जाड्याभरड्या कापडाचा, खांद्यावर फाटायचा, आणि उघड्या पाठीवर बनियन आणि वर तो कोट एवढंच बाबांना त्या उकाड्यात सोसायचं. म्हणून आई ठिगळ लावताना प्रत्येक गाठ बाहेर घ्यायची, मिऱ्याएवढी, सगळ्यांना दिसेल अशी. बाबांचे जोडीदार चिडवायचे, वहिनींनी कोट उलटा शिवला. आई म्हणायची, हसू देत, पाठ त्यांची नाही.

हे सगळं झालं तेव्हा धाकटा पाळण्यात होता. पुढे बाबांनी त्याच्यासमोर कधी बनियन काढला नाही, आणि पाठीचा विषय घरात कुणी काढायचं नाही असा दंडकच पडला. आता आई नाही. मी नर्स आहे, मलम मी लावते.

निवृत्त झाल्यावरही बाबा तो कोट घरात घालत. आई गेल्यावर तर अंगावरून उतरेचना. गेल्या हिवाळ्यात धाकटा आला, जन्मात पहिल्यांदा बाबांच्या कपड्याचं कौतुक केलं आणि कोट मागितला. बाबा हरखले. मी म्हटलं, फोटो काढून ने. तर म्हणाला, ताई, फोटोवरून कपडा कळत नाही.

कपडा कळायला तो उसवावा लागतो, हे मला नंतर कळलं. त्यांच्यात तशीच पद्धत आहे. शिवण सोडवायची, एकेक तुकडा कागदावर ठेवायचा, भोवतीने रेघ मारायची. ठिगळं जपून ठेवली होती म्हणे. मी फोनवर विचारलं, आणि दोरा? तो म्हणाला, कुठला दोरा? आईच्या हातचा प्रत्येक टाका केरात गेला होता आणि याला पत्ताही नव्हता. मी वाट्टेल ते बोलले. बाबा शेजारी बसून मला गप्प करत होते, जाऊ दे, पोराचं चांगलं चाललंय. मला त्यांचाही राग आला.

शोच्या दिवशी दुपारी त्याने आम्हाला त्याच्या कारखान्यात नेलं आणि स्वतःच्या हाताने बाबांना कोट घातला. त्याच्या सगळ्यांत चांगल्या शिंपीमास्तरांनी तो परत जोडला होता. काम खरंच नजर लागेल असं होतं. मी कॉलरमधून हात घालून पाहिलं. चांगला मास्तर घेतो तशा सगळ्या गाठी आत होत्या. बाबांना म्हटलं, काढा. ते म्हणाले, शो झाल्यावर काढतो, त्याला वाईट वाटेल.

पहिल्या रांगेत बसलो. दिवे लागले, गाणं सुरू झालं आणि पोरी चालत आल्या. रेशमाचे लांब कोट, खांद्याला ठिगळं, आणि पाठभर लाल दोऱ्याच्या गाठी, बाहेरून, बोराएवढ्या. लोक माना वळवून वळवून फोटो काढत होते. बाबा पाठ खुर्चीला टेकू देत नव्हते. पाच-सहा पोरी गेल्यावर ते माझ्याकडे झुकले.

"एवढ्या पोरींच्या पाठी भाजल्यात?"

ते थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते. रागाने माझे डोळे भरून आले.

शेवटी धाकटा बाहेर आला आणि त्याने बाबांना वर बोलावलं. बाबा उठले. तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी कोट काढला, उलटा केला आणि घातला. टोचत होतं, दुसरं काही नाही. आतली बाजू बाहेर, गाठी बाहेर, असे ते सावकाश वर गेले. लोकांना वाटलं हाही खेळाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकट्याने कौतुकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि बाबा मटकन खाली बसले.

मागच्या खोलीत नेऊन मी बनियन वर केला. चार जागी कातडी सोलली होती. धाकटा दारात उभा होता. त्याने ती पाठ पहिल्यांदा पाहिली.

"मला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला.

"तू विचारलंस कधी? आईला काही कळत नव्हतं, हे मात्र जगाला सांगून मोकळा झालास."

त्याने कोट उचलून हातात घेतला. मग म्हणाला, मास्तरांना बोलावतो, सगळ्या गाठी बाहेर काढून देतील. मी म्हटलं, मास्तरांनी त्यांचं काम चोख केलंय. आता तू बैस.

बाहेर पत्रकार थांबले होते, फोन वाजत होता. त्याने दोन्हीकडे पाहिलं, मग जमिनीवर मांडी घातली आणि सुई मागितली. बाबा स्टुलावर उघडे बसले होते, मी मलम लावत होते. ते पुटपुटले, असू दे गं, त्याची माणसं खोळंबलीत. मी लक्ष दिलं नाही.

स्वतः टाका घालायची त्याची सवय कधीच सुटली होती. जाड कापडातून सुई जाईना, बोटं रक्ताळली. मी एक शब्द कौतुकाचा काढला नाही. सवयीने गाठ आत पडली की मी ती त्याला उसवायला लावत होते.